झाडांवाचूनचे रान

महाराष्ट्र शासनाने २०१६ साली दोन कोटी झाडे लावायचे ठरवले, पुढच्या वर्षी चार कोटी, त्याच्या पुढच्या वर्षी तेरा कोटी आणि २०१९ साली तेहतीस कोटी. आकडा फुगत गेला तशी जागाही जास्त लागू लागली. पिकाखालची जमीन कुणी सोडत नाही आणि दाट जंगलात झाडे आधीच उभी असतात. मग नजर वळते ती गावच्या गायरानाकडे, डोंगराच्या बोडक्या माथ्याकडे, पर्जन्यछायेतल्या माळाकडे. लावलेल्यांपैकी किती रोपे जगली यावर पुढे बराच वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. मात्र खड्डा खणण्यापूर्वी त्या जागी काय होते, हे फारसे कुणी विचारले नाही. तिथे काहीच नव्हते असे सर्वांनी मनोमन धरले होते, कारण जमिनीची श्रीमंती झाडे मोजून ठरवायची सवय आपल्याला शाळेच्या पुस्तकापासून जडलेली आहे. ही मोजपट्टीच चुकीची आहे, असे या लेखाचे म्हणणे आहे. एखादी जागा निसर्ग म्हणून पुरी की अधुरी, हे तिथल्या सजीवांच्या एकमेकांशी असलेल्या व्यवहारांवरून ठरते. तसे पाहिले तर सह्याद्रीचे उघडे सडे, म्हणजे कातळाची पठारे, आणि त्याच्या पूर्वेचे माळ हे मोडके जंगल नसून स्वतंत्र, जुनी आणि पुरी व्यवस्था आहेत.

‘परिसंस्था’ ही कल्पना आज इतकी रुळली आहे की तिचा नेमका आशय सहज निसटतो. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टॅन्सली यांनी १९३५ साली ती मांडली, तेव्हा त्यांचा भर एकाच गोष्टीवर होता: सजीव आणि त्यांच्याभोवतीची माती, पाणी, हवा, ऊन यांचा विचार वेगवेगळा करता येत नाही, ते सगळे मिळून एक चालती व्यवस्था असते. सात वर्षांनी अमेरिकेतल्या रेमंड लिंडमन या तरुण संशोधकाने मिनेसोटातल्या सीडर बॉग नावाच्या तळ्याचा हिशेब मांडला. सूर्याची ऊर्जा शेवाळात किती उतरते, शेवाळ खाणाऱ्या सूक्ष्मजीवांत किती, त्यांना खाणाऱ्यांत किती, असा तो हिशेब होता. निबंध छापून आला तेव्हा लिंडमन हयात नव्हते, पण त्यांनी घालून दिलेली रीत टिकली. ढोबळ मानाने एका पायरीवरची दहा टक्केच ऊर्जा वरच्या पायरीला मिळते. हे प्रमाण जागोजागी बरेच बदलते, पण वर चढताना गळती प्रचंड होते हे कुठेही खोटे ठरत नाही. आणि गंमत म्हणजे ज्या अभ्यासावर हे शास्त्र उभे राहिले त्यातल्या उत्पादकांत झाडे नव्हतीच. परिसंस्थेच्या व्याख्येत झाडाला राखीव जागा कधीच नव्हती. कुणी ऊर्जा पकडते, कुणी ती खाते, कुणी खाणाऱ्याला खाते, कुणी मेलेल्याची माती करते. याशिवाय जागेसाठी चढाओढ चालते, आसऱ्याची देवघेव चालते. एखाद्या जागी हे चालू आहे की नाही, हे कसे ओळखावे? एक धागा ओढून पाहावा. दूरचे धागे हलले तर व्यवस्था आहे.

असा धागा ओढला गेल्याचे उत्तम उदाहरण सातारा जिल्ह्यात आहे. ठोसेघरजवळच्या चाळकेवाडी पठारावर वर्षानुवर्षे पवनचक्क्या फिरत आहेत. पठार जांभ्याचे आहे. मातीचा थर बोटभर, पावसाळ्यात सगळीकडे पाणी साचलेले, उन्हाळ्यात तोच कातळ तापून कोरडा ठणठणीत. अशा जागी मोठे झाड मूळ कुठे रोवणार? पवनचक्क्या उभारायला ही ‘रिकामी’ जमीन सोयीची वाटली यात नवल नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर आणि त्यांचे सहकारी अमोद झांबरे व हर्षल भोसले यांनी या पठारावरच्या पवनचक्क्या असलेल्या आणि नसलेल्या जागांची तुलना केली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्ष्यांचे प्रमाण जवळजवळ चौपटीने कमी होते. एवढ्यावर गोष्ट संपली असती तर ती पात्यांना धडकणाऱ्या किंवा पात्यांना बिचकणाऱ्या पक्ष्यांची गोष्ट ठरली असती. पण याच पठारावर गळ्याखाली निळा, काळा आणि नारिंगी पंखा उघडणारा एक देखणा सरडा राहतो आणि तो या पक्ष्यांचे भक्ष्य आहे. पक्षी घटलेल्या भागात सरड्यांची दाटी तिपटीने जास्त भरली. शिवाय ते सरडे वेगळे वागत होते. माणसाला ते जास्त जवळ येऊ देत, त्यांच्या रक्तातले ताणाचे संप्रेरक कमी होते, अंगाने ते रोडावलेले होते आणि नरांच्या पंख्याचे रंग फिके पडले होते. भीती गेली, संख्या वाढली, वाढलेल्या संख्येत खाण्यासाठी स्पर्धा वाढली असावी आणि मादीला भुलवणाऱ्या रंगावर खर्च करायला शक्ती उरली नाही, अशी ही साखळी दिसते. पवनचक्की इथे अन्नसाखळीच्या शेंड्यावर बसलेल्या एका नव्या शिकाऱ्यासारखी काम करते, असे या संशोधकांनी म्हटले आहे. हवेत फिरणाऱ्या पात्यांचा परिणाम जमिनीवरच्या सरड्याच्या गळ्याच्या रंगापर्यंत पोहोचतो. जिथे काहीच नाही असे म्हटले जाते तिथली ही गुंतागुंत आहे.

याच सड्यांवर पावसाळ्यात ‘सीतेची आसवे’ आणि ‘दवबिंदू’ या वनस्पती उगवतात. दोन्ही कीटकभक्षी आहेत, कारण सततच्या धुपेने त्या पातळ मातीत नायट्रोजन उरलेला नसतो आणि तो किड्यांकडून वसूल करावा लागतो. दारिद्र्य आले की जीव नाहीसे होतात असे नाही. ते दारिद्र्याला पुरून उरण्याच्या तऱ्हा काढतात आणि त्या तऱ्हांचे जीव मग दुसरीकडे कुठे टिकत नाहीत. कातळावर माती आणून टाकली, खत घातले, तर सड्याचे भले होत नाही. धीमेपणाने जगणाऱ्या त्या रोपट्यांवर भराभर वाढणारे तण मात करते आणि ती जागा इतर चार जागांसारखी होऊन जाते.

सह्याद्री उतरून पूर्वेला गेले की चित्र बदलते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तिथून शंभरेक किलोमीटरवरच्या माण तालुक्यात तो जेमतेम पाचशेवर येतो आणि तोही लहरी. खाली बेसॉल्टचा खडक, वर मुरमाड जमीन. इथला राजा गवत आहे आणि त्याचे कारण त्याच्या शरीराच्या रचनेत आहे. झाडाचा वाढता कोंब शेंड्याला असतो. शेंडा खुडला, जळला, की वाढ खुंटते. गवताचा वाढता बिंदू जमिनीलगत, बुंध्याशी दडलेला असतो. जनावराने पाते खाल्ले किंवा वणव्याने जाळले तरी खालून नवे पाते निघते. म्हणून चरणे हा गवताच्या दृष्टीने घाला नसून त्याच्या आणि झुडपाच्या चढाओढीत गवताला मिळालेली सवलत आहे: तोंड दोघांनाही लागते, पण एकाचे नुकसान मोठे होते. शिवाय इथल्या बहुतेक गवतांची प्रकाशसंश्लेषणाची पद्धत उन्हाला आणि टंचाईला साजेशी असते. तेवढ्याच पाण्यात ती इतर वनस्पतींपेक्षा जास्त अन्न तयार करतात. कुसळी गवताच्या बीची करामत तर पाहण्याजोगी आहे. त्याचे लांब कुसळ कोरड्या हवेत पिळले जाते आणि ओल लागली की उलगडते. दिवसरात्रीच्या या पीळ-उलगडीत टोकदार बी स्वतःला जमिनीत गिरमिटासारखे रोवून घेते. पायमोज्यात अडकणाऱ्या कुसळांबद्दल तक्रार सगळेच करतात, पण मुरमाड जमिनीत पेरणी करायची दुसरी सोपी युक्ती सुचवणे अवघड आहे.

या गवतावर काळवीट, चिंकारा, ससे, नाकतोडे आणि अगणित किडे जगतात. काळविटाचा सगळा बचाव लांबवर पाहण्यावर आणि पळण्यावर बेतलेला आहे. झाडी दाटली की त्याचे डोळे आणि पाय दोन्ही निकामी होतात. नाकतोड्यांच्या मागावर हिवाळ्यात मध्य आशियातून भोवत्या नावाचे शिकारी पक्षी येतात, रात्री उंच गवतात जमिनीवरच झोपतात आणि दिवसा माळावर व शेजारच्या शेतांवर घिरट्या घालत टोळ-नाकतोडे वेचतात. त्यांना झाडाच्या फांदीची गरज रात्रीसुद्धा नसते. खोकड, तरस आणि लांडगा ही पुढची पायरी. लिंडमनच्या गळतीचा हिशेब इथे लावून पाहावा. गवताच्या हजार भागांतले शंभर काळविटात, काळविटाच्या शंभरातले दहा लांडग्यात, अशी उतरंड असेल तर लांडगे थोडेच असणार आणि त्यांना जमीन खूप लागणार. लांडग्यांच्या एका टोळीचा वावर शंभर चौरस किलोमीटरहूनही मोठा असतो. कर्जत तालुक्यातले रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य २.१७ चौरस किलोमीटरचे आहे, बारामतीजवळचे मयूरेश्वर ५.१४ चौरस किलोमीटरचे. दोन्ही जागा मोलाच्या आहेत, काळविटाला आणि चिंकाऱ्याला त्यांनी आधार दिला. पण लांडग्याला त्या पुरणे शक्य नाही, हे नकाशा न पाहताही ऊर्जेच्या गणितावरून सांगता येते. भारतीय लांडगा जगला आहे तो अभयारण्यांच्या बाहेर, गायरानांवर आणि माळांवर.

आणि तो बऱ्याच अंशी मेंढ्यांवर जगला आहे. इथे निसर्गाचे पुस्तकी चित्र अडखळते, कारण त्यात माणसाला जागा नसते. काळविटांचे मोठे कळप गेल्या दोन शतकांत शिकारीने आणि नांगराने विरळ केले. चरण्याचे जे काम ते करत, त्यातले बरेचसे धनगरांच्या मेंढ्यांनी उचलले. मेंढ्यांच्या मागे लांडगा चालतो. धनगरांचे त्याच्याशी भांडण आहे, पण कळपातले एखादे मेंढरू हा त्याचा वाटाच आहे असे मानणारेही त्यांच्यात आहेत. पीक निघाल्यावर शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवतो, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे देतो. म्हणजे माळावरच्या गवताने पकडलेली ऊर्जा आणि उपसलेली पोषकद्रव्ये मेंढीच्या पोटातून शेताला मिळतात. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला धनगरांच्या पोटजातींच्या वसतीचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना दिसले की म्हशी पाळणारे गवळी धनगर घाटमाथ्याच्या ओल्या पट्ट्यात राहतात, तर मेंढ्या घेऊन हिंडणारे हटकर पूर्वेच्या कोरड्या पट्ट्यात. एकाच अधिवासात राहणाऱ्या दोन पक्षिजाती खाणे आणि जागा वाटून घेऊन संघर्ष टाळतात, हे परिसंस्थाशास्त्रातले पहिल्या धड्याचे सूत्र. ते माणसांच्या समूहांनाही लागू पडावे, ही त्या अभ्यासातली खरी चमक आहे. माझ्या मते माळाचा विचार करताना धनगराला बाहेरचा उपद्रव मानणे हे लांडग्याला उपद्रव मानण्याइतकेच अशास्त्रीय आहे.

खालच्या मजल्याचा उल्लेख धावता होतो, कारण तो दिसत नाही. शेणकिडे लेंड्या आणि शेण पुरतात, त्यामुळे माशांची पैदास कमी होते आणि खत मुळांशी पोहोचते. वाळवी वाळलेले गवत आणि काडीकचरा पोटात घालते आणि तिच्या बिळांमुळे कडक मुरूम सच्छिद्र होऊन त्यात पाणी मुरते. गवताची बारीक मुळे दाट जाळे विणून माती धरून ठेवतात. लागवडीसाठी सलग समतल चर खणताना जेसीबीचा दात याच जाळ्यातून जातो.

आता सर्वांत मोठा आक्षेप. हे माळ मुळात जंगलच होते, माणसाने तोड केली, जनावरांनी उरलेसुरले खाल्ले आणि आज जे दिसते ते त्याचे अवशेष आहेत. मग पुन्हा झाडे लावणे म्हणजे जुने ऋण फेडणे नव्हे काय? आक्षेप वजनदार आहे, कारण काही जागांबाबत तो खरा आहे. घाटमाथ्यावर जिथे दोन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि माती खोल आहे, तिथले कित्येक उघडे उतार तोडलेल्या जंगलाचेच आहेत. पण कोरड्या दख्खनला हे जसेच्या तसे लावता येत नाही. उन्हाला साजेशा पद्धतीने अन्न बनवणाऱ्या गवतांचा कार्बन रासायनिक दृष्ट्या वेगळा ओळखू येतो. उपखंडाच्या वायव्येला शिवालिकच्या जुन्या मातीत त्या खुणा शोधल्या, तेव्हा अशा गवतांचा मोठा विस्तार सुमारे सत्तर लाख वर्षांपूर्वी झालेला दिसला. तेव्हा कुऱ्हाड धरणारा हात अस्तित्वात नव्हता. आपल्या अधिक जवळचा पुरावा गोदावरीचा आहे. नदीने बंगालच्या उपसागरात नेऊन टाकलेल्या गाळात पानांवरच्या मेणाचे अंश टिकून राहतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या मेणावरून असे दिसले की गोदावरीच्या खोऱ्यात सुमारे चार हजार वर्षांपूर्वीपासून कोरड्या हवेला सोसणाऱ्या वनस्पती वाढत गेल्या, पाऊसमान घटत गेले त्या ओघात. त्या काळात खोऱ्यात शेतकरी वस्त्या होत्या, हे खरे. त्यांनीही काही तोड केली असेल. पण पाऊस कमी करणे त्यांच्या हातात नव्हते.

तिसरा पुरावा आपल्या ग्रंथांमधून आला आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेराव्या शतकापासूनचे मराठी वाङ्मय, चरित्रे, लोककथा आणि मौखिक परंपरा चाळून पश्चिम महाराष्ट्रातल्या वनस्पतींचे उल्लेख गोळा केले. त्यांत हिवर, बाभूळ यांसारख्या उघड्या, गवताळ रानातल्या वनस्पतींचे पारडे जड निघाले. दाट जंगलातल्यांचे उल्लेख मोजकेच. पंढरपुरात कान्होपात्रेच्या समाधिस्थानी उगवल्याचे मानले जाणारे तरटीचे झाड आठवावे. तीही काटेरी, कोरड्या माळाचीच वनस्पती. साहित्यावरून निसर्गाचा इतिहास लिहिताना जपून पावले टाकावी लागतात, कारण कवी आणि चरित्रकार वनस्पतींची यादी करायला बसलेले नसतात. मात्र तीच गोष्ट या पुराव्याला बळ देते. ज्याला माळ आणि जंगल यांतला वाद ठाऊक नव्हता, त्याने सहज जाता जाता केलेला उल्लेख पक्षपाती कसा असणार? साडेसातशे वर्षांपूर्वी इथे माळच होता, तर आजच्या माळावर गेल्या शतकातल्या तोडीचे खापर फोडता येत नाही.

जुना माळ आणि तोडलेल्या जंगलाचा नवा माळ यांत फरक कसा करायचा, हा रास्त प्रश्न यातून निघतो. उत्तर पुन्हा जीवजातींत आहे. जुन्या गवताळ रानात जमिनीखाली कंद, गाठी, जाड खोडे बाळगणाऱ्या वनस्पती भरपूर असतात, कारण आग, चराई आणि दुष्काळ यांतून तरायची हीच रीत आहे. कंदीलपुष्पांच्या अनेक जाती महाराष्ट्राच्या उघड्या डोंगरमाथ्यांखेरीज जगात कुठेच आढळत नाहीत. शे-दोनशे वर्षांच्या तोडीतून प्रदेशनिष्ठ जाती जन्माला येत नाहीत; त्यांना लाखो वर्षे उघडे आकाश मिळालेले असावे लागते. आणि ही जमीन एकदा नांगरली की भरून यायला किमान शंभर वर्षे आणि पुष्कळदा त्याहून कितीतरी जास्त काळ लागतो, असे जगभरच्या जुन्या व नव्या गवताळ रानांच्या तुलनेतून नेर्लेकर आणि जोसेफ वेल्डमन यांनी २०२० साली दाखवले. झाड तोडल्याची हानी लगेच डोळ्यांना दिसते. गवत नांगरल्याची हानी दिसतच नाही, कारण पुढच्या पावसात तिथे काहीतरी हिरवे उगवतेच.

दुसरा आक्षेप हवामानाचा आहे. जग तापते आहे, झाड कार्बन शोषते, तेव्हा गवताचे लाड करायची ही वेळ नव्हे, असे म्हणणारे थोडे नाहीत. २०१९ साली एका गाजलेल्या शोधनिबंधाने जगात आणखी नव्वद कोटी हेक्टरांवर वृक्षाच्छादन शक्य आहे आणि त्यात २०५ अब्ज टन कार्बन मावेल, असा अंदाज दिला. त्याच वर्षी शास्त्रज्ञांच्या एका मोठ्या गटाने उत्तर दिले की हा अंदाज जवळजवळ पाच पटींनी फुगलेला आहे आणि त्यात जुनी गवताळ राने लागवडीची जागा म्हणून मोजली गेली आहेत. खरी बाब अशी की गवताळ रानाचा कार्बन मुख्यतः जमिनीखाली असतो. झाडाच्या खोडातला कार्बन म्हणजे खिशातली रोकड, मातीतला कार्बन म्हणजे बँकेतली मुदतठेव. वणवा लागला किंवा दुष्काळात झाडे वाळली की रोकड जाते, ठेव राहते. कॅलिफोर्नियाबद्दलच्या २०१८ च्या एका अभ्यासाने हाच निष्कर्ष काढला होता: वाढते दुष्काळ आणि वणवे यांच्या काळात तिथली गवताळ राने जंगलांपेक्षा भरवशाचा कार्बनसाठा ठरू शकतात. ओल्या प्रदेशातले जंगल एकरी जास्त कार्बन साठवते, यात शंका नाही, आणि तिथे तुटलेले जंगल परत उभे करणे योग्यच. पण पाचशे मिलिमीटर पावसाच्या मुरमाड जमिनीवर गिरिपुष्प लावण्यासाठी आधी चर खणून ठेव मोडायची आणि मग रोकड जमेल अशी आशा धरायची, हा सौदा फायद्याचा वाटत नाही.

तिसरा आक्षेप उलट्या बाजूने येतो. चराई गवताला मानवते म्हणताय, मग अतिचराईने उजाड झालेली गायराने दिसत नाहीत का? दिसतात, आणि तो आक्षेप पूर्ण मान्य करावा लागतो. प्रत्येक जमिनीची जनावरे पोसण्याची मर्यादा असते. ती ओलांडली की आधी पवन्या, मारवेल यांसारखी रुचकर बहुवर्षायू गवते जातात, मग निकस वर्षायू गवते राहतात, शेवटी जनावर तोंड न लावणारा तरवड आणि बाहेरून आलेली घाणेरी. एखाद्या माळावर तरवडच तरवड दिसू लागला की समजावे, चरणाऱ्यांनी स्पर्धेचे पारडे फिरवले आहे. पण यावरून चराई शून्य करावी, हे निघत नाही. सेरेंगेटीची कथा इथे उद्‌बोधक आहे. १८९० च्या सुमारास आफ्रिकेत बुळकांडीची साथ पसरली आणि गुरांबरोबर वाइल्डबीस्टसारखे जंगली चरणारे प्राणीही लाखोंनी मेले. पुढे गुरांना लस टोचल्यावर रोग हटला आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अडीच लाखांच्या आसपास असलेले वाइल्डबीस्ट १९७० च्या दशकाअखेर बारा-तेरा लाखांवर गेले. त्यांनी गवत खाल्ले, जळायला गवत उरले नाही, वणवे घटले आणि वणव्यांतून वाचलेली रोपे मोठी होऊन झाडे वाढली. एका विषाणूच्या जाण्याने झाडांची संख्या वाढली, आणि ती रोपे न लावता वाढली. चरणारे, आग, गवत आणि झाड यांच्यातले नाते असे वळणाचे असते. चरणारे काढून टाकले की गवत फोफावेल, हा हिशेब पहिली एक-दोन वर्षे बरोबर येतो. मग वाळक्या गवताचा थर साचतो, त्याच्या सावलीत बुटक्या वनस्पती दबतात आणि एका ठिणगीला पुरेल एवढे जळण तयार होते. जनावरे किती, कोणत्या महिन्यात, किती दिवसांची विश्रांती देऊन, हे ठरवणे म्हणजे माळाचे व्यवस्थापन. त्यात ‘हो’ आणि ‘नाही’ एवढीच दोन उत्तरे नसतात.

माळढोकाच्या नशिबी काय आले, ते या चर्चेत टाळता येत नाही. सोलापूरजवळच्या नान्नजचे नाव या पक्ष्यामुळे देशभर झाले. १९७९ साली घोषित झालेले माळढोक अभयारण्य कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटरचे होते. त्यात तालुकेच्या तालुके, गावे, शेते आली, जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली आणि ज्या लोकांच्या साथीने पक्षी वाचायचा त्यांच्याच मनात त्याच्याबद्दल अढी बसली. पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. हा पक्षी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो. त्याची सुरक्षितता चहूबाजूंना लांबवर दिसण्यात आहे. भोवती झाडे उभी राहिली की कावळ्यांना आणि शिकारी पक्ष्यांना टेहळणीच्या जागा मिळतात, लपून येणाऱ्या प्राण्यांना आडोसा मिळतो. शिकार, सिंचनाने बदललेली पिके, कीटकनाशके, विजेच्या तारा अशी त्याच्या ऱ्हासाची अनेक कारणे आहेत, सगळा दोष लागवडीच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. पण माळावर झाडी वाढवणे हे माळढोकासाठी केलेले काम नव्हते, एवढे निश्चित. आज देशभरात मोकळ्या रानात हे पक्षी दीडशेच्या आसपासच उरले आहेत आणि महाराष्ट्रातून ते जवळजवळ संपले आहेत.

पवनऊर्जा आणि सौरऊर्जा नको असे यातून निघते का? नाही. कोळसा जाळण्याचा परिणाम माळावरही होतोच. मात्र चाळकेवाडीचा सरडा सांगतो की अशा प्रकल्पाची किंमत शून्य धरता येत नाही आणि ती शून्य धरली जाते ते सरकारी नोंदीत अशा जमिनी पडीक म्हणून बसल्यामुळे. महसुलाच्या दृष्टीने जिचा सारा येत नाही ती जमीन पडीक, ही वसाहतकाळापासून चालत आलेली वर्गवारी आहे. ती साऱ्याबद्दल बोलते, जीवसृष्टीबद्दल नाही. अलीकडे वारे थोडे फिरले आहे. पुणे वनविभागाने इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीत गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे आणि लोक लांडगे, खोकड, चिंकारा पाहायला पैसे मोजून जाऊ लागले आहेत. पर्यटनाने सगळे प्रश्न सुटतात असे मानायचे कारण नाही, पण पाहण्यासारखे काही आहे हे तरी त्यातून मान्य झाले.

प्रत्यक्षात बदलता येण्यासारखी गोष्ट साधी आहे आणि ती वेळापत्रकातली आहे. लागवडीसाठी जागेची पाहणी बहुधा उन्हाळ्यात होते, कारण पावसाआधी खड्डे तयार हवेत. एप्रिल-मे महिन्यांत कोणताही माळ भकास दिसतो: गवत वाळून करडे झालेले, कंद जमिनीखाली झोपलेले, भोवत्या मध्य आशियाकडे परतलेले. गवताची जात ओळखायची तर ते फुलोऱ्यावर असावे लागते, आणि इथली बहुतेक गवते सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलतात. त्या दोन महिन्यांत गायरानावरून एकदा फिरून कोणती गवते आहेत, कंदाच्या वनस्पती आहेत का, तरवड किती माजला आहे, हे टिपून ठेवले तर पुढच्या उन्हाळ्यात कुठे खड्डे खणायचे, कुठे चराई काही महिने थांबवायची आणि कुठे नुसते सोडून द्यायचे, हे त्या यादीवरूनच ठरवता येईल. तालुक्याच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचा विभाग असला आणि गावात दोन-चार जुनी गुराखी मंडळी असली की या कामाला लागणारे ज्ञान तिथेच मिळते; गवताची नावे तर गुराख्यांना सहसा जास्त ठाऊक असतात.